आतून कोणी ‘ये’ म्हणेपर्यंत

बेर्गामोजवळ, इटली
५ फेब्रुवारी २००६

प्रिय आईस,

सप्रेम जय भीम. फोन केला तेव्हा तू नुसती रडलीस, मी नुसतं ऐकलं, आणि तुझ्याकडचा तो कॉइन बॉक्सवाला मधेमधे "झालं का बाई" विचारत राहिला. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात रडू आलं तरी दुसऱ्या कोणाला ऐकू जात नाही.

मी ठीक आहे. लिसीनं, म्हणजे माझ्या नागपूरच्या नर्सिंगच्या वर्गातल्या केरळच्या मुलीनं, सांगितलं होतं तसंच काम आहे. एका म्हातारीला सांभाळायचं. तिचं नाव तेरेझा. तिला कमी ऐकू येतं आणि मला भाषा येत नाही, त्यामुळे आमचं दोघींचं छान जमतं. तिची मुलगी पाओला रविवारी येते, स्वतःच्या किल्लीनं दार उघडून. बाकी कोणी येत नाही. थंडी एवढी आहे की मी अजून रस्ता नीट पाहिला नाही.

इथला एक शब्द मात्र पक्का शिकले. पेर्मेस्सो. आधी तो कागदावर भेटला. परदेशी माणसाला इथं राहायला सरकार जो परवानगीचा कागद देतं, त्याच्यावर हाच शब्द असतो. मला वाटलं कचेरीतला शब्द असेल. पण ही म्हातारी तो घरात बोलते. तिचा नवरा आल्दो शिंपी होता. घराच्या टोकाच्या खोलीत त्याचं मशीन आहे. तो जाऊन बरीच वर्षं झाली. जेवण झालं की ती काठी टेकत त्या खोलीशी जाते. दार नुसतं लोटलेलं असतं. ती बोटानं टकटक करते, पेर्मेस्सो म्हणते, आणि थांबते. खरंच थांबते, आई, मान जराशी कलती करून. मग कोणी बरं म्हटल्यासारखी आत जाते, खिडकी उघडते, मशीन पुसते. मी खुणेनं विचारलं, आत कोण आहे? ती म्हणाली, आल्दो.

म्हणजे मला समजलेला अर्थ असा, की गेलेल्या माणसाच्या जागेत पाय ठेवण्याआधी त्याला विचारायचं. मला आपल्या राजदीपची खोली आठवली. फवारणीवरून येऊन तो ज्या बाजेवर पडला, ती बाज तू अजून उचलली नसशील. खोली उघडलीस का?

आणि पायलला बोलावलंस का? माझी मैत्रीण म्हणून नाही, तुझी सून म्हणून विचारते. राजदीपचा जलदान विधी झाला आणि तिचे भाऊ तिला कळंबला घेऊन गेले. तिला परत यायचं आहे. पण सासूनं बोलावल्याशिवाय तिनं उंबरठा ओलांडायचा तरी कसा?

तुझी,
उर्वशी

* * *

मोहदरी, ता. बाभुळगाव
२६ फेब्रुवारी २००६

चि. उर्वशीले तुह्या मायचा जय भीम.

तुह्यं पत्र पोस्टमननं पयले सरपंचाले दाखवलं, तिकीट पाहाले म्हणून. मंग चौकातल्या दोघातिघायनं पाह्यलं. मंग मले देलं. यापुढं साधं तिकीट लावजो, नाही तं पत्र फाटूनच येईन माह्यापाशी.

फोनवर मी रडली नाही. मले सर्दी होती.

तुही म्हातारी डोक्यानं सरकलेली दिसते बाई. संभाळून राहजो. आपण धम्मातली लोकं. आत्मा-बित्मा काही नसते हे मीच तुम्हा दोघाले लहानपणी शिकवलं. आमोशाले लोकं रस्त्यावर लिंबू टाकत, तं मी तुम्हाले तो लिंबू उचलून घरी आणाले लावो अन शरबत करून देवो. मेला माणूस मेला. त्याले कायची परवानगी मांगतं?

पण तू विचारलं तं सांगतो. खोलीत मी जात नव्हती. गहू तिथं, माह्यी पेटी तिथं, थंडीच्या वाकळा तिथं. शेजारच्या तुळसाबाईले म्हणो, जरा आतून थे काढून दे. ती देये बिचारी. आता ती लेकीच्या बाळंतपणाले गेली अन माह्या घरात पीठ नाही. कडीले हात लावला का हात कापे. असा कापे का कडी वाजे. कितीकदा गेली अन परत आली. मंग काय झालं कोणास ठाऊक, तुह्या म्हातारीचा शब्द तोंडात आला. पेरमेसो. मलेच लाज वाटली, इकडंतिकडं पाह्यलं कोणी आहे का. थोडी थांबली. अन कडी उघडली. आत त्या दवाईचा वास अजून तसाच हाये. बाज तशीच. गहू घेतले अन बाहेर आली. हात कापला नाही.

म्हणून आता रोज म्हणतो. भूत हाये म्हणून नाही, हात कापू नये म्हणून.

मागच्या हप्त्यात अजून एक पेपरवाला आलता. सारे येते ते एकच विचारते, कर्ज किती होतं. म्हटलं, आमच्या नावानं वावरच नाही तं कर्ज कोण देईन. दुसऱ्याच्या कापसाच्या पऱ्हाटीवर रोजीनं दवाई मारता मारता गेला माह्या पोरगा. त्यानं कॅमेरा बंद केला, पाणी पेला अन गेला. त्याले पाहिजे होता तसा आपला राजदीप नव्हता.

पायलचं नाव यापुढं लिहू नको. ती वाईट हाये असं मी म्हणत नाही. पण तिच्या तोंडाकडे पाह्यलं का बाजूले तो दिसते. वर्षभर दोघं सोबतच दिसले ना मले. नाही पाहावत.

गरम कपडे घालत जा.

तुही माय,
पंचफुला

* * *

बेर्गामोजवळ
१४ मार्च २००६

प्रिय आईस,

जय भीम. तू खोली उघडलीस हे वाचून मी पत्र घेऊन स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते. तेरेझानं विचारलं काय झालं, तर मी तिला तुझं अक्षर दाखवलं.

मधे तिला ताप होता. जाड पांघरूण आल्दोच्या खोलीतल्या कपाटात होतं, आणि मला पहिल्यांदाच तिथं एकटीनं जायचं होतं. मी टकटक केलं, पेर्मेस्सो म्हटलं आणि तिच्यासारखीच थांबले. आतून कोणी बोललं नाही. पण मी थांबले होते तेवढा वेळ तो माणूस आत होता, अशी माझी खात्री झाली. मशीनवर वाकलेला. आत गेले तर अर्थात कोणी नव्हतं. हे तुला लिहायचं की नाही असं वाटत होतं, कारण तू म्हणशील हीपण सरकली. ते लिंबाचं सरबत मलाही आठवतं. पण आई, मला भीती वाटली नाही. उलट दुसऱ्या दिवशी काम नसताना मी पुन्हा त्या दाराशी गेले आणि माझ्या मनात आल्दो नव्हता, राजदीप होता. मी नागपूरहून पोचले तेव्हा त्याला झाकलेलं होतं. माझं त्याच्याशी काहीच बोलणं झालं नाही.

तू नाव लिहू नको म्हटलंस तरी लिहिते. पायलचे भाऊ स्थळ बघत आहेत. केळापूरकडचा कोणी आहे, बायको वारलेली, दोन मुलं. बुद्ध पौर्णिमा झाली की बोलणी, आणि मृगाच्या आत लग्न उरकायचं म्हणतात. माणूस वाईट नसेलही. पण पायलला जायचं नाही. ती मला लिहिते की माझं घर मोहदरीला आहे. तिचे भाऊ तिला विचारतात, तुला तिथं कोण बोलावतं? यावर तिच्याजवळ उत्तर नाही. तू एकदा ये म्हणालीस तर तिला उत्तर मिळेल. नाही म्हणालीस तर ती मृगाआधी परक्या घरी जाईल आणि मग आपण दोघी काहीही करू शकणार नाही.

तुझी,
उर्वशी

* * *

मोहदरी
२ एप्रिल २००६

चि. उर्वशी,

जय भीम. पत्र भेटलं. हे लिहू का नको म्हणून पयलं लिहिलं थे चुलीत टाकलं. आता पुन्हा लिहून राह्यली.

बाजाराच्या दिवशी माह्यी अंगणवाडी लवकर सुटते, सारे पोट्टे मायच्या मांगं बाभुळगावले जाते. मी घरी आली. तोंडावर पाणी मारलं. खोलीपाशी गेली, पेरमेसो म्हटलं अन थांबली.

उत्तर आलं.

खोकला आला, उर्वशी. हळू. एकदाच. फवारून आल्यावर तो कसा खोकले, तोंडावर दुपट्टा धरून, मायले ऐकू जाऊ नये म्हणून, तसा. मी तशीच उभी राह्यली. कडी उघडली नाही, मांगं पाह्यलं नाही, हालली नाही. मंग कोणी चालत गेल्यासारखं वाटलं, अन सारं चूप.

म्हटलं, कानात वारं गेलं असन. वय झालं. पण पुढच्या बाजाराले पुन्हा आला. बाकी दिवशी मी म्हणतो, थांबतो, काही येत नाही. बाजाराच्याच दिवशी येते. त्याले बाजार कसा लागे तुले माहीत हाये. अंगात ताप असला तरी भजे खायले जाये.

मले भेव वाटत नाही. तू भेऊ नको. आता मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहतो. आदल्या दिवशी सडा टाकतो, आंगण झाडतो. सकाळपासून जेवण गोड लागते. एवढे महिने गोड लागलं नव्हतं.

विहारात कोणाले बोलली नाही. हासतीन लोकं, पंचफुलाबाई साऱ्यायले शिकवते अन सोता भूत पाहते म्हणतीन. तूही कोणाले सांगू नको.

पायलचं तिचे भाऊ पाहून घेतीन. चांगलं स्थळ असन तं जाऊ दे तिले. ती इथं आली तं मंग तो कायले येईन?

तुही माय

* * *

कळंब
३० एप्रिल २००६

प्रिय उर्वशी,

जय भीम. तुझं पत्र भेटलं. आत्याबाईचं, तुह्या मायचं, मन ठिकाणावर दिसत नाही, मोहदरीले जाऊन त्यायले जरा दुरून पाहून ये, असं तू लिहिलं. अन त्यायले राजदीपचा खोकला ऐकू येते, बाजाराच्या दिवशी, असंही लिहिलं. थे वाचून मी चुलीपाशीच बसून राह्यली. पोळी जळली, वहिनी बोलली.

उर्वशी, थे खोकणारी मी हाये.

बाभुळगावच्या बाजाराले जातो म्हणून मी घरून निघतो. इथं भाजी भेटत नाही का म्हणून भाऊ विचारते, मी म्हणतो तिकडं स्वस्त हाये. बाजारात थोडंबहुत घेतो अन मंग मोहदरीच्या फाट्यावर उतरतो. तिथून पायी. आंगणात येऊन उभी राह्यतो. आत्याबाई त्या खोलीच्या दाराशी असते, माह्याकडे पाठ करून. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणते. काय थे मले कधी समजलं नाही. बोलावलं नसताना हाक मारायची माह्यी हिंमत होत नाही. म्हणून खाकरतो. सासू पाठमोरी असली का सुना तशाच खाकरते ना आपल्याकडे, तू पाह्यलं असशीन. खाकरलं का माणूस वळते, ये म्हणते, नाही तं काय काम हाये विचारते.

त्या वळत नाही. मी थोडी वाट पाहतो अन परत फाट्यावर जातो. मले वाटे, त्यायनं ऐकलं, अन येऊ नको म्हणून सांगितलं. तरी पुढच्या बाजाराले पुन्हा जातो. लाज नाही मले.

आता तू सांग मी काय करू. गेली तं मी त्याच्या नावानं खोकून राह्यली. मेलेल्या नवऱ्याचं सोंग घेणारी बाई कोणी पाह्यली का? अन नाही गेली तं आत्याबाईचा राजदीप पुन्हा जाईन, अन या खेपेले मी नेलेला राहीन.

ती खोली माह्यीही होती, उर्वशी. लग्नात नवे टिन टाकले तिच्यावर. पाऊस आला का आम्हाले एकमेकाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही हासत बसो. मले त्या खोलीत एकदा बसाचं हाये. त्या दिवशी इकडं मायले बरं नाही म्हणून मी आलती, अन तो तिकडं फवारून आला. मी परत गेली तेव्हा खोलीले कडी होती. आजवर ती कडी कोणी माह्यासाठी उघडली नाही.

त्यायले सांगू नको. भूत म्हणून तं भूत म्हणून, माह्या घराच्या आंगणात उभं राहाले भेटते मले. पौर्णिमा झाली का पाहुणे येणार हाये. मंग थेही बंद.

तुझी,
पायल

* * *

बेर्गामोजवळ
१४ मे २००६

प्रिय आईस,

जय भीम. काल बुद्ध पौर्णिमा होती. तेरेझाला सांगून मी खिडकीत मेणबत्त्या लावल्या आणि खीर केली. तिनं दोनदा मागून खाल्ली.

आई, मी तुला एक गोष्ट चुकीची शिकवली. त्या शब्दाची.

मागच्या महिन्यात पाणी तापवायचं यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीवाला आला. दार मी उघडलं, हातानं आत या म्हटलं. तरी तो उंबरठ्यावर थांबला आणि म्हणाला, पेर्मेस्सो. मला वाटलं, या माणसाला कसं कळलं इथं आल्दो असतो म्हणून. तेवढ्यात तेरेझा आतून म्हणाली, अवांती. म्हणजे ये, पुढे ये. आणि तो पाय पुसून आत आला.

तेव्हापासून ऐकते आहे. थंडी कमी झाली, मी बाहेर पडायला लागले, तर जिकडे तिकडे हाच शब्द. खालच्या मजल्यावरची बाई अंडी घेऊन येते, दार सताड उघडं असतं, तरी म्हणते. बसमध्ये पुढे सरकायचं असलं की म्हणतात. लहान मुलं मित्राच्या घरी जाताना म्हणतात. सगळी जिवंत माणसं, आई. जिवंत माणसांनाच म्हणतात.

मग मी पाओलाला विचारलं, तुझी आई त्या खोलीशी का म्हणते? मला काय वाटत होतं तेही मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. आधी ती खूप हसली. मग म्हणाली, बाबा होते तेव्हाही ती असंच म्हणायची. कापड कापताना कोणी एकदम आत आलं तर कात्री चुकायची, म्हणून. बाबांच्या तोंडात टाचण्या असायच्या. त्यांना लगेच बोलता यायचं नाही. टाचण्या काढून मग ते ये म्हणायचे. तेवढा वेळ आई दारात थांबायची. ती अजून तेवढाच वेळ थांबते. आत कोणी नाही हे तिला चांगलं माहीत आहे.

ज्या शब्दानं तू राजदीपची खोली उघडलीस, तो शब्द खरा असा आहे. बाहेरच्यानं विचारायचं, आणि उरलेलं काम आतल्याचं. आतून अवांती आलं नाही तर बाहेरचा माणूस दारातच उभा राहतो. गप्प बसणं म्हणजे येऊ नको म्हणणंच असतं. मला वाटायचं आपल्याकडे असा शब्द नाही. पण आपल्याकडेही बायका दाराशी येऊन खाकरतात.

आता बाजाराच्या दिवशी खोकला आला की खोलीकडे बघू नकोस. आवाज कुठून आला तिकडे बघ. एवढंच मागते. याहून जास्त लिहायची मला परवानगी नाही. मृग जवळ आला आहे.

तुझी,
उर्वशी

* * *

मोहदरी
१२ जून २००६

चि. उर्वशी,

जय भीम. तू मोठी हुशार झाली. आडून आडून लिहिलं का मायले समजणार नाही असं वाटलं तुले.

मले माहीत होतं. पयल्या दिवशी नाही, खरं सांगतो, पयल्या दिवशी मले तोच वाटला. दुसऱ्या बाजाराले समजलं. त्याचा खोकला छातीतून ये, हा गळ्यातून होता. अन चपला. पायल डावा पाय ओढत चालते, वर्षभर थो आवाज माह्या घरात फिरला, मी कशी इसरीन? पण मी वळली नाही. वळली असती तं आंगणात पायल दिसली असती अन खोलीत कोणी नसतं. न वळता उभं राह्यलं का दोघंही होते. एक मांगं, एक पुढं. मधात मी. तुले समजते का मी काय म्हणतो थे? तुले खोटं लिहिलं असं समजू नको. लिहिताना मले खरंच वाटे.

तुह्यं पत्र भेटलं त्यानंतरच्या बाजाराले मी नेहमीसारखी खोलीपाशी गेली. पेरमेसो म्हटलं. खोकला आला. अन तुह्या त्या शिंप्याच्या टाचण्या डोक्यात आल्या. म्हटलं, माह्या पोराच्या तोंडात काही टाचण्या नाही. मी कायची वाट पाहून राह्यली?

वळली. लई वाळली वो ती पोरगी. तोंड उन्हानं काळं पडलं. हातात पिशवी, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. मी म्हटलं, ये. दुसरं काही सुचलंच नाही. तं ती हाललीच नाही. तिनं मांगं वळून पाह्यलं, तिच्या मांगं कोण उभं हाये म्हणून. तिले वाटलं मी दुसऱ्या कोणाले बोलावलं. मंग मी नाव घेतलं. म्हटलं, पायल, आत ये, ऊन लागते.

आली, अन सरळ खोलीत गेली. कडी काढली, ना मले विचारलं ना कोणाले. मले पयले राग आला. मी एवढे दिवस विचारून विचारून जातो अन ही बाई चपला काढून घुसली. मंग वाटलं, तिची खोली हाये, ती कोणाले विचारीन? बाजेवर पडली. त्या वासानं मी अजून नाकाले पदर लावतो, अन ती उशीत तोंड खुपसून झोपून गेली. दिवस बुडेपर्यंत उठली नाही. मी बाहेर सपरीत बसून राह्यली. तिची झोप मोडू नये म्हणून भांडेही घासले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मोठा भाऊ गाडी घेऊन आला. आंगणातून मावशी मावशी करून राह्यला. मी काहीच बोलली नाही. तुह्या म्हातारीचाच रिवाज. राह्यला उभा उन्हात. मंग पायल बाहेर आली अन म्हणाली, दादा, मले आत्याबाईनं बोलावलं, मी येत नाही. थो माह्याकडे पाहे. म्हटलं, हो, मी बोलावलं, माह्यी सून हाये. चहा पाजला त्याले, पण बाहेरच. कप ठेवून गेला. केळापूरच्या लोकायले त्यानं काय सांगितलं थे त्याचं तो जाणे. मृग लागला, आम्ही दोघी इथंच हावो. मदतनीस बाई रिटायर होऊन राह्यली, अंगणवाडीत पायलचं नाव द्यायचा माह्या विचार हाये. झालं तं झालं.

एवढं वाचून तुले बरं वाटन. वाटू दे. आता पुढचं लिहितो, अन त्याच्यावर तू काही समजावून लिहू नको.

परवा बाजार होता. पायल भाजी आणाले गेलती. घरात मी एकटी. मले राहावलं नाही. खोलीपाशी गेली. दार उघडंच होतं, तिनं आत केरसुणी फिरवली, बाज उन्हात टाकली, वासही कमी झाला. तरी मी बाहेरच उभी राह्यली अन म्हटलं, पेरमेसो. थांबली. लई वेळ थांबली. खोकला नाही, पायाचा आवाज नाही, काहीच नाही. आतापर्यंत मांगून कोणीतरी उत्तर देये. आता तीही बाजारात.

तवा मी खाली बसली, उंबरठ्यावरच. दवाखान्यात रडली नव्हती, जलदानाले रडली नव्हती, लोकं म्हणत बाई मोठी धीराची. परवा रडली, उर्वशी. तोंड दाबून नाही, मोठ्यानं. माह्या पोरगा मेला. नऊ महिने झाले त्याले मरून अन मले परवा समजलं.

पायल आली तेव्हा माह्यं रडणं सुरूच होतं. तिनं पिशवी ठेवली अन बाजूले येऊन बसली.

तुही माय,
पंचफुला